बीप वाजवणारं सॉफ्टवेअर

माझ्या दचकण्याला हसता ना तुम्ही? मग हे ऐका. आमच्या पेणच्या ऑफिसातला पीसी रोह्याच्या कारखान्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचा होता. त्यासाठी दोन सॉफ्टवेअर तपासायला आली आणि त्यातलं एक निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिलं मुकाट चालायचं. दुसरं मात्र तिकडून निरोप आला की जोरात बीप वाजवायचं, आणि मी खुर्चीतून उडायचे.

रोह्याला त्या कॉम्प्युटरवर माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा बसायची. चाचणीतच बीप वाजला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं, "काय गो, डब्यात काय हाय?"

मी सरांना म्हटलं, "हेच घेऊ या."

"अगं, दार वाजलं तरी किंचाळतेस तू!"

"चालेल सर. निरोप चुकायला नको."

वर्षभर रोज दुपारी एकला सुनंदाचा डब्याचा निरोप आला आणि मी दचकले. मग सुनंदा लग्न होऊन सुरतेला गेली.

परवा बरोब्बर एकला बीप वाजला. पडद्यावर होतं, "माल रवाना झाला."

सर म्हणाले, "आज दचकली नाहीस? झाली वाटतं सवय."

"सवय नाही सर," मी म्हटलं, "वाट बघत बसले होते."