अर्ध्यावर आणलेली हवा

(डेन्मार्कमधल्या एका विद्यापीठाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. तिची प्रमुख हेल्ले आणि इमारतीची देखभाल बघणारा प्रेबेन.)

हेल्ले : नाही म्हणजे नाही. पुन्हा विचारलंस तरी मी तसं सांगणार नाही.

प्रेबेन : अगं, खोटं बोल असं कुठे म्हणतोय मी? तुझ्या विद्यार्थिनीने, आस्त्रिदने, वाफ ओढून घेणाऱ्या हूडची काच पूर्ण वर ठेवली होती, एवढंच सांग. काच वर असली की ब्रोमीनची विषारी वाफ बाहेर येणारच.

हेल्ले : वीतभर उघडी होती काच, नेहमीसारखी. मी स्वतः बघितली. पोरगी तिकडे फुप्फुसं जाळून हॉस्पिटलात पडलीय, आणि तू तिच्याच डोक्यावर खापर फोडायला निघालास! लाज कशी वाटत नाही रे?

प्रेबेन : सोमवारी तपासनीस येतायत. माझ्या नोकरीवर बेतलंय, हेल्ले.

हेल्ले : आणि तिच्या? एकदा ठपका बसला की कोण तिला प्रयोगशाळेच्या दारात तरी उभं करणार?

प्रेबेन : हवा कमी पडली की वाजणाऱ्या हूडच्या भोंग्यावर चिकटपट्टी तिनेच मारली होती ना?

हेल्ले : मारली! कारण तू हूडच्या पंख्यांचा वेग अर्ध्यावर आणल्यापासून तो दिवसभर कोकलत होता. मी तुला फोन केला होता. काय म्हणालास तेव्हा?

प्रेबेन : ...होईल सवय, म्हणालो.

हेल्ले : सवय! ब्रोमीनची सवय होते होय?

प्रेबेन : माझ्या एकट्यावर काय ओरडतेस? वीजबचतीची स्पर्धा सगळ्यांची होती. आपला मजला पहिला आला तेव्हा शुक्रवारचा केक तूही खाल्लास. झेंडे लावून, टाळ्या वाजवून!

हेल्ले : खाल्ला. दिवे बंद करून वीज वाचवली, असं तू सांगितलंस म्हणून खाल्ला. आमच्या नाकातोंडासमोरची हवा काढून घेतलीस, हे कुठे बोललास?

प्रेबेन : अर्धा वेग म्हणजे बंद नव्हे! पुरते तेवढी हवा. आत्ताही तेवढीच चालू आहे. ऐक, आवाज येतोय की नाही?

हेल्ले : आवाजाचं काय कौतुक सांगतोस! हा टिश्यू घे. फाड एक पट्टी. काच वीतभर वर कर आणि फटीसमोर धर. हूड हवा ओढत असेल तर कागद आत वळेल. वळला, तर सोमवारी तू म्हणशील ते सांगते.

प्रेबेन : नक्की?

हेल्ले : नक्की. दार उघडं राहू दे, आम्ही ये-जा करतो तसं. हं, धर.

प्रेबेन : धरली.

हेल्ले : हात हलवू नकोस. कुठे चाललाय कागद?

प्रेबेन : माझ्याकडे येतोय.