धागा तोडणारा दात

मूळ गाव आमचं शिरपूरकडचं, तापीच्या काठचं, पण आता गाव म्हणजे लग्नकार्यापुरतं, बाकी सगळी जिंदगी इथंच सिल्वासाला गेली, टोकरखाड्याच्या खोलीत. अथालकडे दोऱ्याची कंपनी आहे, हे तिथं मशीनवर होते, त्यांनीच मला लावली. काय सांगू ताई तुम्हाला, तोंडावर पदर धरून बोलते म्हणून राग मानू नका, दात आता चांगला झाला तरी हात आपला वर जातो.

काम असं की दोरा तुटला की बॉबिन थांबते, मग दोन्ही टोकं शोधायची, गाठ मारायची आणि उरलेलं शेपूट कापायचं. कात्री मिळते ना, कमरेला बांधलेली असते, पण ती हातात घ्या, कापा, सोडा, तोवर दुसरी बॉबिन थांबलेली. म्हणून आम्ही बाया दातानंच तोडायचो, समोरच्या दातात धरायचा आन् झटका द्यायचा. सुपरवायझर गुजराती, तो म्हणायचा सुनंदाबेनचा हात बहु फास्ट, आणि मी फुगून जायची. हात कुठला व माय, दात होता तो.

तो दोरा दिसायला केसासारखा, पण कापतो. रोज त्याच जागी, रोज त्याच जागी, दाताला खाच पडली. पहिले नुसतं थंड पाणी लागायचं, झिणकन मस्तकात जायचं. मग गरम चहा लागायला लागला. मग ठणका सुरू झाला तो असा की लवंग धर, तंबाखू धर, काही फरक नाही, मी उशीत तोंड खुपसून रडायची. आणि एक दिवस ठणका बंद. एकदम बंद. मला वाटलं बरा झाला. मी देवीला नारळ फोडला, शेजारपाजारी खोबरं वाटलं.

मग तो दात काळा पडायला लागला. समोरचाच दात, लपवू कुठं? पदर घेतला तोंडावर. कंपनीच्या बाया दुधनीला फिरायला गेलो होतो, धरणाच्या पाण्याजवळ फोटो काढला, सगळ्या हसतायत आणि मी अशी की जशी मयताला आलेली. शेजारणी म्हणायच्या, सुनंदाबाई किती मर्यादेनं राहते. मर्यादा कशाची, लाज होती नुसती. पोरीसमोर पण मी धड हसली नाही, कोमल माझी, एकुलती एक.

यंदा हिरडीला पुळी आली, पू यायला लागला, तेव्हा गेली दवाखान्यात. डॉक्टरीणबाई चिपळूणकडच्या, मराठी बोलणाऱ्या, त्यांनी विचारलं दाताला काय झालं, मी म्हटलं पडली होती मोरीत. त्या हसल्या, म्हणाल्या दोऱ्याच्या कंपनीतल्या सगळ्या बाया मोरीतच कशा पडतात हो? मला जमिनीत जावंसं वाटलं. मग त्यांनी मोठा खोटा दात दाखवला, मधून कापलेला. वरचं पांढरं कवच, शरीरात सगळ्यात कडक तेच, पण त्याला दुखणं कळत नाही, म्हणून ते झिजतं तेव्हा आपल्याला पत्ताच लागत नाही. त्याच्या खाली पिवळट थर, त्यात बारीक बारीक नळ्या, थंड-गरम तिथून आत पोचतं. आणि मधोमध एवढीशी खोली, तिच्यात नस आणि रक्त, दाताचा जीव तिथं. तुमची नस आत सडून मेली, म्हणून ठणका थांबला, असं त्या म्हणाल्या. नस मेली आणि मी नारळ फोडला ताई, आणि लोकांना खोबरं वाटलं! आणि वरचं कवच एकदा गेलं की परत उगत नाही म्हणे, नखासारखं नाही ते.

त्या दिवशी दात आतून साफ केला, टोपी नंतर बसवू म्हणाल्या. घरी आली तर कोमल ब्लाऊजला हूक लावत बसलेली. ती पण याच दिवाळीपासून माझ्याच कंपनीत लागलीय. हूक लावला आणि दातानं कटकन दोरा तोडला. मी बघतच राहिली. कोणी शिकवलं तुला, विचारलं, तर म्हणते तूच तर तोडते, मी लहानपणापासून बघते.

सांगून ती ऐकणार नव्हती, तिला पण फास्ट म्हणायला लागले होते. दाखवावंच लागणार होतं. पोटच्या पोरीसमोर तोंड उघडायची पण लाज वाटत होती. तिला ट्यूबलाइटखाली बसवली, पदर काढला, ओठ वर केला. म्हटलं बघ नीट. तिनं बघितलं. त्या खाचेवर बोट फिरवलं, मग तेच बोट स्वतःच्या दातावर फिरवलं, एकाच जागी थांबवलं, आणि तिचा चेहरा उतरला. उठून कात्री घेऊन आली.

आता माझ्या दाताला टोपी बसलीय, पांढरी, तरी पदर काही सुटत नाही, माझं आता असंच जायचं. कोमल कात्रीनं कापते, सुपरवायझर म्हणतो आईसारखा हात नाही हिचा. म्हणू दे. देवी करो न् तिचा हात कधी तोंडावर न जावो, तिच्या लग्नात तिनं सगळे दात दाखवून हसावं.