सतरा नंबरची शिट्टी

बस सुटली तशी लेक आईच्या खांद्यावर झोपून गेली. मागच्या सीटवर दोघं बोलत होते. आईला ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“आज डबा उघडला नाहीस?”

“सतरा नंबर गेला.”

“अरे, ससाच ना तो? प्रयोगशाळेत नोकरी करतोस आणि जीव कसला लावतोस!”

“दुसऱ्या सशाची श्वासनळी बसवली होती त्याला. ती मऊ पडायची, श्वास घेताना चिकटायची. नुसती शिट्टी वाजायची. मग मॅडमनी वाढीचं औषध सुरू केलं. त्यानं म्हणे नळीत कूर्चा धरते.”

“कूर्चा?”

“कान दाबून बघ. वाकतो पण मोडत नाही ना? तीच.”

“मग, धरली?”

“मी रोज पिंजऱ्याला कान लावायचो. काल सकाळी शिट्टी बंद! धावत गेलो. म्हटलं, मॅडम, सतरा नंबर बरा झाला!”

“खूश झाल्या असतील.”

“झाल्या ना. म्हणाल्या, मग उद्या त्याचीच नळी काढून बघू.”

“अरेरे.”

“माझंच तोंड नडलं. गप्प बसलो असतो, तर अजून चार दिवस गाजर खाल्लं असतं त्यानं.”

सिग्नलला ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. झोपलेल्या लेकीचा श्वास बसभर ऐकू येऊ लागला.

“ताई,” मागून हळूच आवाज आला, “हिची शिट्टी कधीपासून?”

“जन्मापासून.”

“बंद होते, ताई. मी ह्या कानांनी ऐकलंय.”