कालचंच हवामान

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इंग्लंडमध्ये रीडिंगला आले त्याला बावीस वर्षं झाली, आणि काम काय तर राजस्थानच्या वाळवंटातलं हवामान सांगायचं. लोक हसतात, म्हणतात, इथे बसून तुला तिकडचा पाऊस काय दिसणार. तर तिकडे एक सोलर प्लांट आहे, पावसाळाभर त्यांच्यासाठी रोज दुपारी मी उद्याचं डिस्कशन लिहिते, म्हणजे वारा कुठला, दमटपणा किती, गडगडाट होईल का आणि का होईल, असं सगळं.

तिथले सुपरवायझर भंवरलालजी, साठीला आलेले, मला रोज मेसेज करायचे. त्या शनिवारी त्यांनी लिहिलं, मॅडम, हवा पूर्वेची झालीय, घाम वाळत नाहीये. काय सांगू तुम्हाला, वाळवंटात घाम वाळेना म्हणजे वादळ दाराशी आलं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण मला लंडनमध्ये हॅरोला ढोलाच्या प्रॅक्टिसला जायचं होतं, गणपती तोंडावर आलेले, ट्रेन चुकत होती. मेसेज वाचला मी, नाही असं नाही, वाचला, आणि कालचंच डिस्कशन उचललं, तारीख बदलली, पाठवून दिलं. वादळाची शक्यता कमी. आणि गेले ढोल बडवायला.

दुसऱ्या दिवशी आंधी आली, मागोमाग विजा. माझ्या अंदाजावर विसंबून काम चालूच होतं, पॅनल धुणारी झमकूबाई वाऱ्याने शिडीवरून पडली, कंबरेचं हाड मोडलं. आता काठी घेऊन चालते, काम सुटलं तिचं.

इथे मॅनेजरने विचारलं, असं कसं झालं, मी म्हटलं, कॉम्प्युटरवरच्या हवामानाच्या मॉडेलने पकडलंच नाही. मॉडेल काय, बिचारं बोलणार थोडंच.

पण खरी लाज पुढेच आहे. भंवरलालजींचा फोन आला, म्हणाले, मॅडम, चूक माझी, मी नीट समजावून लिहिलं नाही, माफ करा. आणि मी म्हटलं, जाऊ द्या, होतं असं, पुढच्या वेळी सविस्तर लिहा. मी त्यांना माफ केलं हो. मी.

आता ते पानभर लिहितात, ढगाचा रंगसुद्धा, आणि मीही ओळन् ओळ नवी लिहिते. पण खरं सांगायला तोंड उघडत नाही. तुम्ही हे मराठीत लिहिणार म्हणालात, म्हणून बोलले. भंवरलालजींना मराठी वाचता येत नाही, मॅनेजरलाही नाही. बघा ना, अजून पळवाटच शोधतेय मी.