बाबा थांबा

हात नको लावूस — त्या डावीकडच्या कीबोर्डला तर अजिबात नको. मशीन बंद करून सगळं नव्यावर हलवायचंय, माहितीये मला, तिसरी नोटीस आहे ही. तू नवीन म्हणून तुला पाठवलं, बाकीचे माझ्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. बस. आलीच आहेस तर सकाळच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन जा. डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम मधेच थांबवून आत डोकावू देणारं आपलं हत्यार, प्रोग्रामचा मेन कसा ओळखतो — हेच ना? तुला काय वाटतं, वरून वाचत येतो? छे. फाइलच्या सुरुवातीला एक पत्ता लिहिलेला असतो, पण तिथे मेन नसतो गं, तिथे नुसती मांडामांड — सतरंज्या घालायच्या, दिवे लावायचे — माणसानं लिहिलेलं खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते जिथून सुरू होतं तो मेन.

मग तो सापडतो कसा? तू नुसतं 'स्टार्ट' म्हणालीस ना, की डीबगर विचारत सुटतो. फाइलमध्ये कुणी 'मुख्य मी आहे' अशी खूण करून ठेवलीय का? नाही? मग एकेका भाषेला — बाई, तुझ्याकडे मुख्याला काय म्हणतात? कुणीच काही बोललं नाही, तर शेवटी म्हणतो, ठीक, 'मेन'च असेल. शेवटी हं, सगळ्यांना विचारून झाल्यावर. आणि मी? मी चाळीस वर्षांत स्टार्ट म्हटलेलं नाही. मी स्वतः टाइप करतो — मेनवर थांब. विचारायचं कशाला, मला माहीत असतं ना सगळं.

आता फोरट्रान घे, जुनी भाषा — हसू नकोस, तिच्यावर माझं घर उभं राहिलं. त्या भाषेत मुख्य भागाला आपण हवं ते नाव देतो. पण कंपायलर, आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा, स्वतःच्या मनानं 'मेन' नावाचा एक चिमुकला तुकडा पुढे बसवतो, दारावरच्या वॉचमनसारखा, त्याचं काम फक्त आत पाठवायचं. मेनवर थांबलीस तर वॉचमन भेटतो, घरातलं माणूस भेटत नाही. माझ्या मुलीला हे दहाव्या वर्षी पाठ होतं. आमचा खेळच होता — ती प्रोग्राममध्ये निरोप लपवायची, मी शोधायचो. डीबगर जिथे थांबवतो त्या जागेला आम्ही घरात 'थांबा' म्हणायचो, बसचा असतो तसा. तिची आई कपाळाला हात लावायची — तुम्ही दोघं माणसांसारखं कधी बोलणार?

नाहीच बोललो. तिनं हे ऑफिस सोडलं — हो, इथेच होती, तू बसलीस ना त्याच्या पलीकडचं टेबल — आणि मी म्हणालो, बाहेर माझं नाव सांगू नकोस. दोन वर्षं अबोला. मग एका सोमवारी तिची मेल आली, खाली एक फाइल — 'बाबा, अडलंय, बघाल का?' मी बघितली. कुठलाही प्रोग्राम आधी थांबवल्याशिवाय मी चालवत नाही, शिस्त आहे माझी. मेनवर थांबवला. दिसला तो वॉचमन. मी पुढे गेलोच नाही. उत्तर लिहिलं — 'हा मेन तुझा नाहीच, कंपायलरचा आहे. आधी स्वतःचं काही लिही, मग पाठव.' तिचं उत्तर आलं, 'बरं बाबा.' शुक्रवारी सकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला.

नाही, पाणी नको. ऐक, संपत आलंय. पुढे दोनेक महिन्यांनी गिऱ्हाइकाची तक्रार आली, आपल्या डीबगरचा स्टार्ट फोरट्रानच्या फाइलींवर भलतीकडे थांबतोय. नमुना हवा होता, आणि माझ्या मशीनवर फोरट्रानची तेवढी एकच फाइल होती. आयुष्यात पहिल्यांदा टाइप केलं — स्टार्ट. त्यानं विचारलं, आणि फाइलमधल्या खुणेनं सांगितलं. बघ, प्रोग्राम अजून तिथेच उभा आहे. वाच नाव. 'बाबाथांबा'. आत एकच व्हेरिएबल, मजकूर ठेवायचा डबा, त्याचं नाव निरोप, आणि त्यात — 'गुरुवारी ऑपरेशन आहे. आईला सांगू नका, घाबरेल. तुम्ही या.'

सोमवार, मंगळवार, बुधवार — तीन दिवस होते गं माझ्या हातात. तिनं खूण करून ठेवली होती. मी फक्त विचारायचं होतं. तिच्या आईला मी हे सांगितलेलं नाही — आणि तुझ्यापाशी काय बोलत बसलोय, बघ.

पुढे काय आहे? एक ओळ आहे, काहीतरी छापते आणि प्रोग्राम संपतो. काय छापते ते मी पाहिलेलं नाही. पुढे जा म्हणायला एक अक्षर टाइप करावं लागतं, सहा महिने झाले, माझं बोट जात नाही. फाइल आहे, पुन्हा चालवता येईल? येईल की. शंभरदा येईल. पण आत्ता ती थांबलीय माझ्यासाठी. बंद केलं की गेली.

ऊठ. खाली जाऊन सांग, म्हातारा मशीन देत नाही. आणि तुझा फोन मघापासून दोनदा वाजला — घरचा आहे ना? मग उचल, आणि काय हवंय ते त्यांनाच विचार. जा, दार ओढून घे.