गाळलेलं नाव

सारसोळ्याच्या बसथांब्यावर धर्मा उभा होता. आदल्या दिवशीच त्याच्या मुलीचं, हेतलचं लग्न ठरलं होतं. पुढे कॉलेजच्या दोन मुली बोलत होत्या.

"राजलक्ष्मी, भुताचा पिक्चर कसा होता?"

"बोअर. भूत आलं की पब्लिक हसत होती. त्यापेक्षा माझ्या कॅसेटचं ऐक. गाणी भरायला जुनी घेतली, तर त्यात एक म्हातारी लग्नाचे धवले गात होती. काय गळा होता. मधेच खोकायची, 'थांब गो बायो' म्हणायची आणि परत गायची."

धर्मा पुढे सरकला. त्याची आई गावातल्या हळदींना धवले गायची, आणि असंच म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"नवरीचं नाव पण होतं. हेतल."

धर्माला राहवलं नाही. "पोरी, नवऱ्याचा नाव काय हाय त्या गान्यात?"

"तेच तर काका. तिथे आली की ती गप्प व्हायची. मग पुढची ओळ गायची."

"मना ती कॅसेट देशील?"

"काल पुसली हो, वर नवी गाणी भरली. पण ती अजून मागून ऐकू येते. आता गात नाही, नुसती रडते."

धर्मा बसमध्ये चढला नाही. संध्याकाळी त्यानं सोयरीक मोडल्याचा निरोप धाडला. त्याचं कारण त्यानं हेतललासुद्धा सांगितलं नाही.