नुसतं ओठांना लावलेलं क्लॅरोनेट

बँड सोडायचं माझ्या डोक्यात का आलं, ते आधी ऐका, मग मला शहाणपण शिकवा.

गेल्या महिन्यात वलवणला लग्न होतं. आमी गणवेश घालून उभे, तर इव्हेंटवाला मला म्हणतो, "काका, क्लॅरोनेट नुसतं ओठांना लावा. फुंकू नका. गाणी स्पीकरवर लागतील."

"मग आमाला कशाला बोलावलं?"

"व्हिडिओत बँड छान दिसतो."

वरात निघाली. स्पीकरचं एकच धाडधाड चाललेलं, आणि मी गाल फुगवून बोटं चालवतोय. जीव नुसता तळमळत होता. शेवटी राहवलं न्हाई, जोरात फुंकलं, तर माझं मलाच ऐकू आलं न्हाई.

तो व्हिडिओ मोबाइलवर लय फिरला. आख्खं आयुष्य वाजवण्यात गेलं, तवा कुणी कौतुकाचा फोन केला न्हाई. आता रोज येतात. काल कुरवंड्याच्या एका मावशींचा आला, लेकीच्या लग्नासाठी.

"भाऊ, काय वाजवलंय तुमी. आमाला अगदी तसंच पायजे."

मी खरं सांगून टाकलं. "मावशी, त्यात मी वाजवलेलंच न्हाई."

त्या म्हणाल्या, "बरं, मग आमच्यात बी वाजवू नका."